साडूपेक्षा अर्धा इंच

स्कूटरसाठी गॅरेजच्या बाकावर खोळंबलेल्या शिक्षिकाबाईंनी पेपर उघडला होता, पण कान मिस्त्री आणि कार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडे होते.

“गाडी दोन इंच खाली घ्या. चाकंही रुंद टाका.”

“साहेब, रोज ऑफिसला नेता. प्रत्येक गतिरोधकाला पोट घासेल.”

“घासू दे. साडूने दीड इंच घेतलीय. सासुरवाडीत सगळे तिच्याभोवती घुटमळतात, माझ्या गाडीकडे कुणी ढुंकून बघत नाही.”

“त्यांची कालच परत वर करून दिली मी.”

“का?”

“सासूबाईंना गुडघ्यांमुळे बसता येईना. म्हणाल्या, थोरल्या जावयाच्या गाडीत कसं ऐसपैस बसता येतं. फार लागलं ते तुमच्या साडूंच्या मनाला.”

“थोरला मीच.”

बाईंनी पान उलटलं.

“पण चाकं? ती रुंदच ठेवलीत का त्याने?”