नावाडी तिर्ता गेला

हॅलो?... हो निंग्सिह, मीच, एंदाह... अगं नाही, नाही! सासूबाई ठणठणीत आहेत. पोरगी शाळेत आहे. कुणी गेलेलं नाही गं... म्हणजे गेलाय. पण तू समजतेस तसा नाही.

अगं ऐक ना... आधी सांग, आपल्या कादंबरीचा शेवटचा खंड तुझा किती वाचून झाला?... दोनशे चाळीस पानं? मग मी काही बोलतच नाही.

...हो, मांडव घातलाय. खुर्च्या आल्या, गल्लीच्या तोंडाशी मयताचं पांढरं निशाणही लागलं... तिकडे तुझ्या सोलो शहरापर्यंत बातमी पोचली? घ्या!

बरं, सांगते. मग मला शिव्या घालू नकोस... तिर्ता गेला... हो, आपला म्हातारा नावाडी... अगं रडतेस काय, इथं माझंच अजून आवरत नाहीये... कसा म्हणजे? दोन ओळींत! नागराणीला पैलतीरी सोडलं आणि परत येताना बुडाला. संपलं. चौदा वर्षं, नऊ खंड, आणि त्या लेखकानं दोन ओळी टाकल्या तोंडावर! लगेच पुढच्या पानावर राज्याभिषेक. त्याच्यासाठी कुणी घटकाभर बसलंसुद्धा नाही.

...तेच सांगतेय ना. मी शेगडीपाशी रडत होते. भात करपला. सासूबाई म्हणाल्या, काय झालं? मी म्हटलं, ‘तिर्ता गेला, आई.’... हो, माझीच जीभ! रोज जेवताना मी त्याच्याबद्दल बोलायची, आणि त्यांना वाटायचं माझ्या माहेरचे कुणी काका आहेत. त्या तडक पाक हार्जोंकडे. ते गल्लीचे प्रमुख. त्यांनी मशिदीच्या कर्ण्यावरून पुकारलं, ‘एंदाहच्या नात्यातले तिर्ता...’ हसतेस? हस बाई, हस. मी तोंड धुऊन बाहेर येते तो बायका तांदूळ-साखर घेऊन अंगणात हजर. आपल्याकडे नाव पुकारलं की हातातलं टाकून उठतात लोक, तुला माहितेय.

...नाही सांगितलं अजून. कोणत्या तोंडानं सांगू?... लाज वाटतेच गं. पण थकलेय मी. आणि खरं सांगू? वार्सितो गेला तेव्हा एवढीही रडले नव्हते मी... हो, तीन वर्षं झाली. ‘टिपं गाळलीस तर त्याची पुढची वाट निसरडी होईल,’ म्हणाल्या सासूबाई. मग काय, दारात उभी राहून आल्यागेल्याशी बोलत होते. लोक म्हणाले, काय घट्ट मनाची बायको आहे. घट्ट कसली! नवरा गेला होता माझा... सगळं तसंच आत राहिलं. आणि आज पुस्तकातल्या म्हाताऱ्यासाठी... हो... हो गं, थांबतच नाहीये.

एक मिनिट हं, सासूबाई आल्या... काय हो आई?... नाही, काका नव्हेत ते. पुस्तकातले आहेत... हो, नुसते पुस्तकातले. चुकलं माझं. आता तुम्हीच सांगा लोकांना, जा म्हणावं घरी...

...बसू दे? कशाला?... निंग्सिह, ठेवू नकोस गं... काय म्हणालात आई?... पाक हार्जो विचारतायत, दुआ कुणाच्या नावानं करायची?

...

आई, तुम्ही रडताय?

...वार्सितोच्या नावानं सांगा. हो. आपल्या वार्सितोच्या.

निंग्सिह... ठेवते गं. बाहेर जाऊन बसते मी सगळ्यांत.