खुर्च्या भरायला बसवलेल्या तानुबाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन माननीय हंबीररावदादा, प्राचार्य इंद्रजित सर, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी आणि मागच्या दारानं सटकायच्या बेतात असलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

निरोपाच्या दिवशी माणसानं गोड बोलावं म्हणतात. एकतीस वर्षं गोडच बोललो, आज जमेलसं वाटत नाही. आत्ता प्राचार्य माझ्याबद्दल म्हणाले, की मी दोनशे मुलांना ‘त्या विषयाचं’ प्रशिक्षण दिलं. कुठल्या विषयाचं, सर? आत्महत्या रोखण्याचं. फलकावरसुद्धा आपण ‘आनंदी जीवन कार्यशाळा’ असं छापलं, कारण दादा म्हणाले होते, “नाव काढलं की पोरांच्या डोक्यात येतंय.”

आणि दोनशे कुठले? सह्या करून दीडशे पोरं मॅच बघायला पळाली. फोटोत खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून वसतिगृहाच्या मेसमधल्या बायका आणून बसवल्या. कुणी? मीच. तानुबाई पिठाच्या हातानं पहिल्या रांगेत बसल्या. सांगलीहून आलेल्या डॉक्टर क्रांती मॅडम एकच गोष्ट तीनतीनदा सांगत होत्या. शंका आली तर सरळ विचारा, विचारल्यानं तसलं काही डोक्यात शिरत नाही. मग त्या मुलाला एकटं सोडू नका, मदतीपर्यंत घेऊन जा. मी तेव्हा हारतुरे शोधत होतो.

पुढच्याच महिन्यात वसतिगृहातली एक मुलगी गप्प गप्प राहू लागली. तिला विचारूनच हे सांगतोय, नाव सांगणार नाही. मी म्हटलं, “काय गं, बरं आहे ना?” ती म्हणाली, “बरं आहे, सर.” झालं. एवढा पीएच.डी. झालेला माणूस, सुटलो एकदाचा म्हणून चालू लागलो. तानुबाईंनी मात्र दोन दिवस तिचं ताट तसंच परत आलेलं पाहिलं होतं. त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “पोरी, जीव द्यायचा इचार येतोय का मनात?”

ती म्हणाली, “व्हय, मावशी.”

तानुबाई पोळ्या तशाच सोडून तिच्यापाशीच बसून राहिल्या आणि मला दरडावून क्रांती मॅडमना फोन लावायला लावला. आज ती मुलगी उपचार घेते, वर्गात बसते, मार्कांवरून माझ्याशी भांडतेसुद्धा. पळालेल्या दीडशे जणांना प्रमाणपत्रं मिळाली. तानुबाईंना नाही, कारण म्हणे त्या विद्यार्थी नाहीत.

आणि दादा, यंदा ही कार्यशाळा रद्द. कॉलेजचं नाव खराब होतं म्हणे. मला याचा राग येतो, लय राग येतो. पोरं सांभाळली तर नाव कुठं जातंय?

शाल-श्रीफळाबद्दल आपला ऋणी आहे. कमी-जास्त बोललो असेन तर पोटात घाला. त्या मुलीची माफी मी वेगळी मागितली. म्हटलं, “पोरी, मी नीट विचारलंच नाही.” ती म्हणाली, “सर, पुढच्याला तरी विचारा.”

उद्यापासून मी इथं नसेन. दादा, पुढच्याला कोण विचारणार आहे?