हडळीचे केस

बोरिवलीच्या झेरॉक्सवाल्याकडे माझ्यापुढे कॉलेजची दोघं होती, सर्वेश आणि अक्षता. नावं त्यांच्या रिपोर्टवर वाचली; मला वाचल्याशिवाय राहवतच नाही.

"अक्षता, लॅबच्या पीसीत दुसऱ्या कंपनीचं ग्राफिक्स कार्ड आहे. आत्ता आपला गेम चालवून आलो."

"मग?"

"हडळ दारात आली आणि गेम तिथेच हँग झाला."

"तिच्या केसांमुळे?"

"हो ना. ज्या कंपनीने आपल्याला कार्ड फुकट दिलं, तिच्याच कोडवर केलेत. दुसऱ्या कार्डावर चालतच नाहीत."

"साधे केस ठेव म्हणत होते मी."

"तूच म्हणालीस, झकास उडतात."

"दोन वाजता त्याच लॅबमध्ये परीक्षा आहे रे. काढून टाक ते केस."

"दोन तासांत? अख्खा गेम त्या कार्डासाठी बनवलाय. आणि रिपोर्टचं बाविसावं पान आठवतंय?"

"'सर्व कार्डांवर चाचणी यशस्वी.' कोणी लिहिलं हे?"

"मी. सही दोघांची आहे."

"वाट लागली. दादा, बाविसावं पान काढता येईल?"

"बाइंडिंग झालंय, ताई. फाडावं लागेल."

"नको गं, नापास करतील."

"फाडा, दादा. खरं काय ते मी हाताने लिहिते."

तिच्या पेनाचं टोपणच निघेना. मी माझं पेन उघडून दिलं.