सहा आकडे

मालवण स्टँडवर देवबागची एसटी लागायची होती. मासळीच्या रिकाम्या टोपल्या पायाशी ठेवून दोघीजणी माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"कृष्णाबाय, शर्मिला सरपंचिणीक तू ओटीपी दिलंस नाय, ता खरां?"

"खरां. तालुक्यासून फोन केल्यान. म्हणता, तुझो सरकारी बर्फपेटीचो फॉर्म भरतंय, मोबाइलार इलेले सहा आकडे सांग."

"अगो, तुझ्याच कामासाठी ना! आणि शेवटचो दिवस!"

"आमका मोबाइल शिकवताना पयल्याच दिसाक तिणाच देवळात देवाक गाऱ्हाणां घातल्यान ना? 'आकडे कोणाक सांगूचे नाय, मी इचारलंय तरी नाय.' आमी सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलव."

"मगे?"

"मगे काय, भर उन्हात एसटीन देवबागाक इली. नवे आकडे मागवल्यान, आपलो फोन माझ्या हातात दिल्यान. आकडे मीच घातलंय. तिका तोंड दर्याकडे करूक लावलंय."

"चिडली आसतली!"

"नाय गो. दर्याकडे बघत हसली. म्हणता, धा वर्षां सरपंचकी केलंय, आता मी घराक बसलंय तरी चालात, तुमी शिकलात."