घड्याळ पुढं पळतंय

घड्याळाला शिव्या देताना जरा जपून, गड्यांनो. मी एकदा देऊन बसलोय.

नव्वदीतली गोष्ट. सैन्यभरतीसाठी मी माधवनगरला मिलच्या मैदानात पळायचो. चार फेऱ्या म्हणजे सोळाशे मीटर, असं सगळेच सांगायचे. भरतीसाठी मला ते सहा मिनिटांच्या आत पळायचं होतं, पण दाजींनी दिलेलं स्टॉपवॉचचं घड्याळ काही केल्या सहाच्या खाली येईना. तीनदा घड्याळवाल्या बापूमामांकडं गेलो.

"मामा, हे पुढं पळतंय बघा."

मामांनी झाकण काढलं, सेल बदलला, आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं. "हे लय झ्याक हाय. तूच मागं पडतोयस."

असा राग आला! त्या रागातच रोज पळत राहिलो.

भरतीत पहिला आलो. पेढे घेऊन गेलो, तर मामा हसायला लागले.

"त्या मिलमधी मी कामाला होतो. तिथली फेरी चारशेची न्हाई रं, साडेचारशेची हाय."

"आवं, मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तेवढं कमी पळाला असतास."

पेढे बाजूला ठेवून आधी पाया पडलो. पुढं सतरा वर्षं फौजेत पळालो, पण मैदान केवढं आहे, हे कुणाला विचारलं नाही.