लीलाकाकूंचा ग्लास

आदरणीय अध्यक्ष शशीकाका, प्रमुख पाहुण्या अनुराधाताई, आत्ताच स्वतःच्या हाताने काकूंना शाल पांघरवणाऱ्या अरुणामावशी, ती शाल घेऊन बसलेल्या, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय त्या आपल्या लीलाकाकू, आणि वेम्बली, मेडनहेडहून वेळ काढून आलेले सगळे, नमस्कार.

मी वरदा. युनिव्हर्सिटीत रशियन हिस्ट्री करतेय, म्हणून मंडळाच्या कमिटीने सांगितलं, "रशियन कल्चरवर पाच मिनिटं बोल, पण लाइट ठेव हं." ट्राय करते.

पहिली गोष्ट. काकूंचं नाव लीला नाही, ल्युडमिला आहे. पुरुषोत्तमकाका मॉस्कोला इंजिनियरिंग शिकायला गेले आणि यांना लग्न करून घरी घेऊन आले. काकू सासूबाईंकडून मराठी शिकल्या आणि पुढे इथे इंग्लंडमध्ये, स्लाऊच्या आपल्या मराठी संडे स्कूलमध्ये आम्हाला शिकवायला लागल्या. म्हणजे तुमच्या मुलांना 'ळ' म्हणायला एका रशियन बाईने शिकवलं. तुम्ही घरी इंग्लिश बोलत होतात ना!

आता कल्चर. जुन्या रशियन घरात एक कोपरा देवाचा असायचा. पुढे सरकार म्हणालं, देव बंद. लोकांनी देव ट्रंकेत ठेवले, पण एक रीत सोडली नाही. घरात कोणी गेलं की फोटोपुढे व्होडकाचा छोटा ग्लास आणि त्यावर ब्रेडचा तुकडा ठेवायचा. चाळीस दिवस. त्याला कोणी हात लावायचा नाही, कारण तो गेलेल्या माणसाचा. कळतंय ना? आपण कावळ्यासाठी भात ठेवतो, तसंच. तो भात कोणी कचऱ्याच्या बिनमध्ये टाकला तर आपण काय म्हणू?

तीन वर्षांपूर्वी पुरुषोत्तमकाका गेले. तेराव्याला आपण सगळे काकूंच्या घरी होतो. मी किचनमध्ये पुऱ्या लाटत होते. अरुणामावशी काकूंनी काकांच्या फोटोपुढे ठेवलेला ग्लास घेऊन आत आल्या. "अगं बाई, फोटोपुढे दारू! पुरुषोत्तमरावांनी उभ्या जन्मात शिवली नाही हो." व्होडका सिंकमध्ये. ब्रेड गार्डनमध्ये. मावशी, उठू नका, बसा ना, अजून चहा यायचाय.

काकू दारात उभ्या होत्या. मावशींनी विसळलेला ग्लास त्यांनी टी टॉवेलने पुसला आणि कपाटात ठेवला.

पुढच्या संडेपर्यंत मेडनहेडला पण माहीत होतं, लीलाकाकू पितात. "एकट्या असतात ना, बिचाऱ्या." आईवडिलांनी काकूंच्या घरच्या क्लासमधून मुलं काढली. शशीकाका, तुम्ही फोन केलात, "वहिनी, क्लासला टेम्पररी ब्रेक देऊ या." तो ब्रेक अजून चालूच आहे. काकूंना इथून जायचं नव्हतं. त्या मला म्हणाल्या होत्या, "मुलं आली की घरात मराठी ऐकू येतं, गं. ह्यांचं मराठी." मुलं आली नाहीत. घर विकलं. उद्या त्या रशियाला बहिणीकडे निघाल्यात.

आणि आज इथे काय काय ऐकलं! "आमच्या लीलावहिनी म्हणजे मंडळाचा प्राण." बरोबर. प्राण गेला की आपण हार घालतोच.

काकू, अशी मान हलवू नका. तुम्हीच शिकवलंत, वाक्य अर्धं सोडायचं नाही.

हां, शशीकाका, तुम्ही मघाशी विचारलंत, टेबलावर त्या ग्लासवर ब्रेड का ठेवलाय, स्नॅक आहे का? नाही. तो काकूंनी पर्समधून आणलाय. ग्लास तोच आहे, मावशींनी विसळलेला. मला वाटलं काकांसाठी असेल. मी विचारलं, "काकू, फोटो कुठंय?" काकू हॉलकडे बघून म्हणाल्या, "समोर बसलेत ना सगळे."

मला बोलायला दिलंत, थँक यू. अनुराधाताईंनी वेळ दिला, मनीषाताईंनी चहाचं बघितलं, त्यांचेही आभार. माझ्या मराठीत काही चुकलं असेल तर मला माफ करा, काकूंना दोष देऊ नका. जाताना खुर्च्या भिंतीला लावा.

आणि तो ग्लास कोणी ओतू नका. ह्यावेळी तो आपला आहे.