लॅम्पशेडचा वायसर

आमच्या दिव्याला शेड का नाही म्हणता? ऐका मग.

दुष्काळाचं साल, गारखेड्यातला नवा फ्लॅट. शेडचं भोक मोठं, होल्डर बारीक. शेड सारखी घसरायची, माझं डोकं फिरायचं. बसेल अशा रिंगसाठी अख्खा उस्मानपुरा पालथा घातला. शेवटी एक दुकानदार वैतागून म्हणाला, "हा पाण्याच्या टाकीचा वायसर न्या. शेवटचाच उरलाय." चपखल बसला!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शेंद्र्याहून सासरे आले. खाली बसेचनात, नुसते वर बघत राहिले.

"जावईबापू, आमची टाकी गळायली. वायसर कुठंच मिळंना. अन् तुम्ही दिव्याला लावला व्हय?"

मी तोंड उघडेपर्यंत सासरे स्टुलावर! वायसर त्यांच्या खिशात, शेड माझ्या हातात.

म्हटलं, "अहो मामा, आता या शेडचं काय करू?"

"डोक्यावर घाला. ऊन लई हाय."